टोळी गावात असते तेव्हा : बीड लोकसभा मतदारसंघाच्या इतिहासाची प्रस्तावना

१९८० ची लोकसभा निवडणूक जानेवारीत झाली. १९८४ ची डिसेंबरअखेर, १९८९ ची नोव्हेंबरात, १९९८ ची फेब्रुवारीत. बीडबाहेरच्या वाचकाला या महिन्यांत विशेष काही दिसणार नाही. आमच्या डोंगरपट्ट्यात, म्हणजे आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या बालाघाटाच्या अंगाखांद्यावरच्या तालुक्यांत, कोणत्याही म्हातारीला विचारा. या दिवसांत गावात कोण असते ते ती सांगेल. ती स्वतः असते, तिच्यासारखी आणखी काही म्हातारीकोतारी असतात, त्यांच्यापाशी ठेवलेली एखाद-दोन पोरे असतात. बाकीचे गाव दिवाळी करून, ऊसतोडीसाठी घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, फेडायला टोळ्याटोळ्यांनी निघून गेलेले असते. सांगली-कोल्हापूरच्या, साताऱ्याच्या, सोलापूरच्या, नाहीतर पार कर्नाटकातल्या उसाच्या फडाजवळ ते कोप्या घालून राहिलेले असते आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परतत नाही.

माझे बालपण अशाच एका गावात गेले. दिवाळीनंतर हजेरी घेताना गुरुजी निम्मी नावे वाचायचेच नाहीत. पुढे जुन्या निवडणुकांचे आकडे घेऊन बसलो तेव्हा ती न वाचलेली नावे आठवली. मतदानाचा तक्ता किती जणांनी मत दिले ते सांगतो. जे आले नाहीत ते का आले नाहीत, यासाठी त्यात रकाना नसतो. बीड मतदारसंघाचा इतिहास त्या नसलेल्या रकान्यापासून वाचायला हवा, असे माझे मत आहे. या संग्रहातले लेख जमवताना हीच एक गोष्ट मनाशी धरली होती.

ज्यांनी हा मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. उत्तरेला गोदावरी, दक्षिणेला मांजरा आणि मधून गेलेला बालाघाट, अशी या जिल्ह्याची ठेवण. गोदाकाठी गेवराई आणि माजलगाव ही काळ्या जमिनीची, कापसाची आणि उसाची गावे. परळीला वैजनाथ आणि औष्णिक वीज केंद्र. अंबाजोगाईला योगेश्वरी, मुकुंदराज आणि दासोपंत, शिवाय शिक्षणाची जुनी परंपरा. बिंदुसरेच्या काठचे बीड शहर, जुने नाव चंपावती. धारूरचा किल्ला, केज, वडवणी आणि वर सांगितलेला डोंगरपट्टा. एकूण अकरा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २५ लाख ८५ हजार. आजच्या बीड लोकसभा मतदारसंघात गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज आणि परळी असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात आणि त्यांची मिळून हद्द जिल्ह्याच्या हद्दीशी जुळते. २००८ च्या पुनर्रचनेआधी तसे नव्हते. तेव्हा चौसाळा आणि रेणापूर ही विधानसभेची नावे होती, ती आता नकाशावरून पुसली गेली. जुन्या कागदांत जिल्ह्याचे नावही भीर किंवा भीड असे सापडते. संदर्भ शोधणाऱ्या नव्या अभ्यासकाने हे ध्यानात ठेवावे, नाहीतर पहिल्या लोकसभेतला बीडचा खासदार त्याला सापडणारच नाही.

पहिली निवडणूक झाली तेव्हा बीड महाराष्ट्रात नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली आणि तीन-साडेतीन वर्षांत इथल्या माणसाच्या हाती मतपत्रिका आली. ज्याने आयुष्यभर जहागीरदार आणि देशमुखाची देवडी पाहिली, रझाकारांची दहशत पाहिली, त्याला अचानक सांगण्यात आले की राज्य कोणी करायचे ते तू ठरव. त्याने काय ठरवले? संपूर्ण देशात काँग्रेसची लाट असताना बीडने पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटच्या रामचंद्र गोविंद परांजपे यांना निवडून दिले. हैदराबाद राज्यात कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती, म्हणून डावी मंडळी या आघाडीच्या नावाने लढली. याच निवडणुकीत तेलंगणातल्या नलगोंड्याहून याच आघाडीचे रवी नारायण रेड्डी नेहरूंपेक्षाही जास्त मते घेऊन निवडून आले. बीडचा कौल त्या वाऱ्यातला होता आणि तो वारा मुक्तिसंग्रामातून उठला होता. स्वामी रामानंद तीर्थांनी अंबाजोगाईच्या शाळेत घडवलेल्या पिढीने हा जिल्हा राजकीयदृष्ट्या केव्हाच जागा केला होता.

पुढची एक गोष्ट मला नेहमी थांबवते. बीडच्या मतदाराने १९५२ चे मत हैदराबाद राज्यात दिले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, म्हणून १९५७ चे मत त्याने मुंबई राज्यात दिले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १९६२ चे मत महाराष्ट्रात पडले. गाव तेच, वेस तीच, मतदान केंद्र बहुधा त्याच शाळेत किंवा चावडीत आणि तीन निवडणुकांत तीन राज्ये. पश्चिम महाराष्ट्रातल्या मतदाराने असा अनुभव घेतलेला नाही. मराठवाड्याच्या राजकारणात उपेक्षेची भावना एवढी खोल का, हे समजून घ्यायचे असेल तर या दहा वर्षांपासून सुरुवात करावी लागते.

१९५७ ला काँग्रेसचे रखमाजी पाटील आणि १९६२ ला द्वारकादास मंत्री असे दोन खासदार झाले. १९६७ ला मात्र बीडने पुन्हा मोठे वळण घेतले. त्या वर्षी इथून क्रांतिसिंह नाना पाटील निवडून आले, भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे म्हणून. नाना पाटील म्हणजे १९४२ नंतर साताऱ्यात प्रतिसरकार चालवणारा माणूस, कृष्णाकाठचा. १९५७ मध्ये ते साताऱ्यातून लोकसभेत गेले होते. आता वयाच्या सत्तरीकडे झुकलेला हा माणूस बालाघाटात आला, इथल्या लोकांशी त्यांच्या बोलीत बोलला आणि जिंकला. जात नाही, पाहुणेपण नाही, कारखाना नाही, संस्था नाही. बीडच्या इतिहासातली ही निवडणूक सर्वांत जास्त अभ्यास मागते आणि तिच्यावर सर्वांत कमी लिहिले गेले आहे.

माझ्या मनात ही निवडणूक वेगळ्या कारणानेही रुतून बसली आहे. कृष्णाकाठचा माणूस बीडचा प्रतिनिधी होऊन दिल्लीला गेला. त्यानंतर पाचच वर्षांनी १९७२ चा दुष्काळ आला आणि बीडची माणसे वाढत्या संख्येने कृष्णाकाठी जाऊ लागली, हातात कोयता घेऊन. ज्या मुलखाने आम्हाला एक खासदार दिला, त्याच मुलखाच्या उसात आमच्या तीन पिढ्या राबल्या. नाना पाटील १९७६ मध्ये गेले. हंगामी स्थलांतराचा पुढचा विस्तार त्यांनी पाहिला नाही.

१९७१ ला इंदिरा गांधींच्या लाटेत सयाजीराव पंडित काँग्रेसकडून निवडून आले. आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या निवडणुकीत बीडने मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या गंगाधर अप्पा बुरांडे यांना दिल्लीला पाठवले. त्या वर्षी महाराष्ट्रातून मार्क्सवादी पक्षाचे तीन खासदार झाले. मुंबईच्या अहिल्या रांगणेकर, डहाणूचे लहानू कोम आणि बीडचे बुरांडे. म्हणजे पहिल्या सहा निवडणुकांपैकी तीन डाव्यांनी जिंकल्या. आजच्या तरुण वाचकाला हे सांगितले तर त्याचा विश्वास बसत नाही. त्याने बीड पाहिले आहे ते पोस्टरवरच्या घराण्यांचे.

इथे थोडे थांबून नावांकडे पाहू. परांजपे, पाटील, मंत्री, नाना पाटील, पंडित, बुरांडे, मग क्षीरसागर. बीड म्हणजे मराठा आणि वंजारी या दोन जातींची लढत, बाकी सगळे त्या हिशेबातले शेष, असे आज चॅनेलवर बसून जे सांगितले जाते, त्याला ही नावे साक्ष देत नाहीत. पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत या जिल्ह्याने माणूस निवडताना त्याच्या आडनावाकडे फारसे पाहिलेले दिसत नाही. आजची विभागणी खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण ती अनादि नाही. ती घडवली गेली, विशिष्ट काळात आणि विशिष्ट कारणांनी, आणि जे घडवले जाते ते बदलतेही.

१९८० पासून केशरबाई क्षीरसागर यांचा काळ सुरू होतो. बीड तालुक्यातल्या राजुरी नवगणच्या केशरबाई गावच्या राजकारणातून वर आल्या. १९८० आणि १९८४ ला त्या लागोपाठ जिंकल्या आणि १९८९ चा खंड सोडून १९९१ ला पुन्हा. बीडमधून तीनदा लोकसभेवर जाणारी ती पहिली व्यक्ती. त्यांच्या घरातून पुढे मंत्री, नगराध्यक्ष, आमदार झाले आणि क्षीरसागर घराणे हा बीड शहराच्या राजकारणाचा कणा बनला. पण घराण्याच्या इतिहासात केशरबाईंचे स्वतःचे कर्तृत्व झाकले जाते. डोक्यावर पदर घेतलेली ग्रामीण बाई, मराठा नसलेली, विधानसभेपासून संसदेपर्यंत पोचलेली. ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात अशी उदाहरणे किती होती?

आणि हे एकट्या केशरबाईंचे नाही. १९९६ ला रजनी पाटील भाजपकडून निवडून आल्या, बीडमधला तो भाजपचा पहिला विजय. २०१४ च्या पोटनिवडणुकीत आणि २०१९ ला डॉ. प्रीतम मुंडे. पोटनिवडणूक धरून आजवर बीडमध्ये लोकसभेच्या एकोणीस लढती झाल्या, त्यांपैकी सहा बायकांनी जिंकल्या. राखीव जागा नसताना. २०२४ लाही अगदी थोडक्यात हरलेली उमेदवार बाईच होती. याच जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेने सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली मोजल्या, राज्यात सर्वांत कमी. दहा वर्षांपूर्वी हा आकडा ८९४ होता. याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये एवढा पेटला की राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. बाई खासदार होते आणि बाई जन्मालाच येऊ दिली जात नाही, ही दोन्ही बीडची खरी चित्रे आहेत. ती एकमेकांशेजारी ठेवून कोणी नीट लिहिले नाही. प्रतिनिधी निवडणे आणि प्रतिनिधित्व मिळणे यांतले अंतर मोजायचे असेल तर देशात याहून नेमकी जागा मला माहीत नाही.

१९८९ मध्ये जनता दलाचे बबनराव ढाकणे आले. ते पाथर्डीचे, म्हणजे शेजारच्या नगर जिल्ह्याचे; पण डोंगरपट्ट्याला पाथर्डी परकी नाही. भगवानगड त्या सीमेवर आहे आणि ऊसतोडीचे दुःख सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखे आहे. ढाकणे ऊसतोड कामगारांचे नेते होते. पुढे चंद्रशेखर मंत्रिमंडळात ते राज्यमंत्री झाले. फडातल्या माणसाचा प्रश्न घेऊन उभा राहिलेला नेता लोकसभेत गेला, ही बीडच्या राजकारणातली नवी गोष्ट होती. तिचा पुढचा अध्याय गोपीनाथ मुंडे यांनी लिहिला.

मुंडे परळी तालुक्यातल्या नाथ्र्याचे, १९४९ चा जन्म. अंबाजोगाईच्या महाविद्यालयात प्रमोद महाजनांची मैत्री जडली आणि दोघांचे राजकारण तिथून सुरू झाले. १९८० ला रेणापूरमधून आमदार, १९८५ ला पराभव, १९९० पासून पुन्हा सलग आमदार, १९९५ ला उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री. माळी, धनगर, वंजारी या समाजांना भाजपशी जोडणारे जे सूत्र वसंतराव भागवतांनी मांडले, ते जमिनीवर उतरवले मुंड्यांनी. मंडल आयोगानंतरच्या राजकारणात त्यांचे स्थान त्यामुळे वेगळे ठरले. ऊसतोडणीच्या मजुरीवर शरद पवारांसोबत बसून लवाद करणारा हा नेता टोळीतल्या माणसाला आपला वाटायचा. मजुरीच्या वाटाघाटीत कामगारांनी किती गमावले, किती मिळवले, यावर मतभेद आहेत आणि ते या पुस्तकात आले आहेत. पण दसऱ्याला भगवानगडावर जमणारी गर्दी खरी होती. हंगामाला निघण्याआधी, कोयत्याला धार लावून झाल्यावर, ती माणसे तिथे यायची.

मुंडे स्वतः लोकसभेला उतरले ते २००९ मध्ये. त्याआधी १९९८ आणि १९९९ ला भाजपचे जयसिंगराव गायकवाड जिंकले, वाजपेयी मंत्रिमंडळात राज्यमंत्री झाले आणि २००४ ला तेच राष्ट्रवादीत जाऊन पुन्हा जिंकले. तीन विजय, दोन पक्ष, एकच माणूस. पक्षनिष्ठेवर लेख लिहिणाऱ्यांनी ही निवडणूक वगळू नये.

२००९ चा मुंड्यांचा विजय १ लाख ४० हजारांचा, २०१४ चा १ लाख ३६ हजारांचा. २६ मे २०१४ ला त्यांनी ग्रामविकासमंत्री म्हणून शपथ घेतली आणि ३ जूनला दिल्लीत रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. परळीत त्या दिवशी काय झाले ते ज्यांनी पाहिले त्यांना ते सांगावे लागत नाही. ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत त्यांची मुलगी प्रीतम उभी राहिली. राष्ट्रवादीने उमेदवार दिला नाही. तिला ९ लाख २२ हजार मते पडली आणि ६ लाख ९६ हजार ३२१ च्या मताधिक्याने ती निवडून आली. तोवर देशात लोकसभेला एवढे मताधिक्य कोणालाच मिळाले नव्हते. तो विक्रम २०२४ पर्यंत टिकला.

आणि त्याच २०२४ ला, त्याच बीडमध्ये, प्रीतम यांची थोरली बहीण पंकजा मुंडे ६ हजार ५५३ मतांनी हरल्या. दहा वर्षांत जवळपास सात लाखांवरून उणे साडेसहा हजारांवर. विरुद्ध होते शरद पवार गटाचे बजरंग सोनवणे, २०१९ ला प्रीतम यांच्याकडून १ लाख ६८ हजारांनी हरलेले. मधल्या काळात काय घडले? मूळचे शिरूर कासार तालुक्यातल्या मातोरीचे मनोज जरांगे शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या आंतरवाली सराटीत उपोषणाला बसले. १ सप्टेंबर २०२३ ला तिथे लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचे आंदोलन सगळीकडे पसरले. ३० ऑक्टोबरला माजलगाव आणि बीडमध्ये आमदारांची घरे जळाली. शेजारी शेजाऱ्याला विचारू लागला की तू कोणत्या बाजूचा. १३ मेच्या मतदानाला गावागावांत रांगा लागल्या. ४ जूनच्या रात्री उशिरापर्यंत मोजणी चालली.

या निकालावर आजवर जे लिहिले गेले ते जवळपास सगळे जातीच्या गणितावर. ते गणित चूक नाही, पण त्यात एक संख्या धरलेली नाही. २००४ पासूनच्या सगळ्या सार्वत्रिक लोकसभा निवडणुका एप्रिल-मेमध्ये झाल्या, म्हणजे पट्टा पडल्यानंतर, टोळ्या घरी असताना. ऐंशीच्या दशकात जो मतदार फडात होता, तो आता रांगेत उभा आहे. मुंड्यांच्या उदयाचे एक कारण ते स्वतः होते, दुसरे मंडल होते; तिसरे कारण निवडणुकीचे पंचांग आहे, असे मी म्हणतो. वाचकाने हे मत तपासावे, खोडावे. पण तपासल्याशिवाय सोडू नये. नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा ऐन हंगामाच्या तोंडावर आली, तेव्हा मतदानासाठी टोळ्यांना थांबवून घेणे, परत आणणे यांसाठी किती गाड्या धावल्या, हे गावातले लोक जाणतात. उमेदवारांना या पंचांगाचे मोल केव्हाच कळलेले आहे. अभ्यासकांनाच ते कळायचे राहिले आहे.

मतदारसंघाचा इतिहास लिहिण्याची परंपरा आपल्याकडे पातळ आहे. इंग्लंडमध्ये संसदेचा इतिहास लिहिण्याचा एक मोठा प्रकल्प कित्येक दशके चालू आहे. त्यात सदस्यांच्या चरित्रांबरोबर एकेका मतदारसंघावर स्वतंत्र लेख असतो : मतदार कोण होते, जमीन कोणाची होती, दबाव कोणाचा होता. अमेरिकेत दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर मतदारसंघांच्या रेषा नव्याने आखल्या जातात, त्यामुळे रेषा कोणी, कुठे आणि का ओढली हाच तिथे अभ्यासाचा मोठा विषय झाला. आपल्याकडे पुण्यात प्रा. सिरसीकरांनी साठच्या दशकात मतदाराच्या वर्तनाचा अभ्यास सुरू केला, रजनी कोठारींनी काँग्रेसचे वर्चस्व समजावून सांगितले, पुढे राजेंद्र व्होरा, सुहास पळशीकर, राजेश्वरी देशपांडे यांनी महाराष्ट्राच्या राजकारणाची मांडणी जात, वर्ग आणि प्रदेश यांच्या आधारे केली. या मंडळींचे ऋण मोठे आहे. पण त्यांच्या नकाशात मराठवाडा हा एक विभाग म्हणून येतो. बीड त्यात एका ओळीपुरते.

मराठवाड्याने स्वतःबद्दल लिहिले ते मुख्यतः मुक्तिसंग्रामाच्या आठवणींतून. अनंत भालेराव यांचा हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामावरचा ग्रंथ हा त्यातला मानदंड. पण हे लेखन बहुतेक १९४८ ला, फार तर १९५६ ला येऊन थांबते. त्यानंतरचा भाग वृत्तपत्रांनी लिहिला, रोजच्या रोज. बीडच्या छोट्या दैनिकांनी, ज्यांचे जुने अंक आज वाळवीच्या तोंडी आहेत. तिसरा प्रकार गौरवग्रंथांचा. साठी, पंचाहत्तरी, पुण्यतिथी या निमित्ताने निघालेली ही पुस्तके माहितीने गच्च असतात आणि प्रश्नांनी रिकामी. चौथा प्रकार स्थलांतरावर काम करणाऱ्या संस्थांचे अहवाल. त्यांत उचल, मुकादम, कोपीतले बाळंतपण, साखरशाळा सगळे आहे. पण ज्या माणसाचे हे आयुष्य त्याने मत कोणाला दिले, का दिले, याबद्दल चकार शब्द नाही. राजकारण लिहिणारा फडात जात नाही आणि फडात जाणारा राजकारण लिहीत नाही.

हे सगळे आताच का? कारण हा मतदारसंघ आज आहे तसा फार काळ राहणार नाही. लोकसभेच्या जागांची राज्यनिहाय संख्या १९७६ पासून गोठवलेली आहे. २००८ ची पुनर्रचना २००१ च्या जनगणनेवर झाली. आता नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे आणि तिच्यात जातीची नोंदही होणार आहे. इतर मागासांची मोजणी व्हावी यासाठी लोकसभेत आग्रह धरणाऱ्यांत बीडचे खासदार म्हणून गोपीनाथ मुंडे होते, हे इथे नोंदवायला हवे. त्यानंतर सीमा नव्याने आखल्या जातील, महिलांचे आरक्षण लागू होईल, आणि आज जिल्ह्याशी तंतोतंत जुळणारा हा मतदारसंघ कदाचित तुकड्यांत वाटला जाईल. रेषा बदलण्याआधी आतल्या माणसांची नोंद व्हायला हवी. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यापासून बीड म्हणजे दहशत आणि गुन्हेगारी, असे समीकरण देशभर झाले आहे. त्या हत्येचा न्याय व्हायलाच हवा. पण त्या एका शब्दात पंचवीस लाख माणसांना बसवणे हाही अन्याय आहे. नाना पाटलांना आणि बुरांड्यांना निवडून देणारा जिल्हा एका रात्रीत असा झाला नाही. कसा झाला, हे कळायला मागचे सत्तर वर्षांचे दप्तर उघडावे लागेल.

या संग्रहाचा प्रयत्न तेवढाच आहे. तेरा खासदारांची तेरा चरित्रे लिहिण्याचा मोह आम्ही टाळला. प्रत्येक निवडणूक त्या वर्षीच्या पावसासोबत, उसाच्या दरासोबत, गावात आणि गावाबाहेर असलेल्या माणसांसोबत वाचायचा आग्रह लेखकांकडे धरला. काही लेखक अभ्यासक आहेत, काही पत्रकार, काही शिक्षक. काहींनी स्वतः कोयता चालवला आहे. त्यांची मते एकमेकांशी जुळत नाहीत. जुळवून घेण्याचा आग्रह मी धरला नाही. रेल्वेवरचा लेख तर मुद्दाम लांब ठेवला आहे. २६१ किलोमीटरच्या नगर-बीड-परळी मार्गाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली, सप्टेंबर २०२२ मध्ये गाडी आष्टीपर्यंत आली आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी, ती बीड शहरात पोचली. मधल्या प्रत्येक निवडणुकीत ही गाडी भाषणांतून धावली. कोणत्या खासदाराने तिच्यासाठी काय केले आणि काय केले नाही, हे वाचकाने त्या लेखात पाहावे आणि स्वतःचा निर्णय करावा.

एक विनंती आहे. १९५२ ला ज्यांनी पहिले मत दिले ते आज नव्वदीच्या पुढे आहेत. तुमच्या घरात, वस्तीत असे कोणी असतील तर त्यांच्यापाशी बसा आणि विचारा : तेव्हा तुम्ही कोणाला मत दिले, कोणी सांगितले म्हणून दिले, त्या दिवशी गावात कोण नव्हते. ट्रंकेत जुनी प्रचारपत्रके, मतदार यादीची पाने, मुकादमाच्या वह्या सापडल्या तर रद्दीत घालू नका. त्यांची छायाचित्रे काढा, तारीख आणि गावाचे नाव लिहून ठेवा आणि प्रकाशकांच्या पत्त्यावर आम्हाला पाठवा. पुढच्या आवृत्तीत त्यांना जागा ठेवली आहे.